साइटवरचा माल मोबाईलवर कसा सांभाळायचा: गेटवरच्या नोंदीपासून स्लॅबच्या ताळ्यापर्यंत

एक-दोन साइट चालू आहेत, साइटवर एक सुपरवायझर, एक वॉचमन, ऑफिसात टॅली बघणारा एक जण, आणि बिल्डिंग पाच-सहा मजल्यांची, अशी टीम असणाऱ्या बिल्डर आणि कंत्राटदारांसाठी हे लिहितोय. मोठ्या कंपन्यांकडे ईआरपी (सगळा हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) असतं, स्टोअर डिपार्टमेंट असतं, त्यांचं ते बघून घेतात. पण आपल्याकडे बांधकाम खर्चातला साधारण निम्म्याच्या वर पैसा सिमेंट, स्टील, वाळू, खडी, ब्लॉक, टाइल्स यात जातो आणि त्याचा हिशोब असतो कुठे, तर वॉचमनच्या वहीत, सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि सप्लायरच्या बिलात, आणि तिन्ही आकडे महिनाअखेरीला वेगवेगळे निघतात.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हा प्रश्न बाजूला ठेवा. दोन गोष्टी होतात का ते बघा. माल गेटवर आला की उतरवायच्या आधी तिथल्या तिथे नोंद होते का, आणि प्रत्येक स्लॅबनंतर किती लागायला हवा होता आणि किती गेला याचा ताळा बसवला जातो का. हे दोन्ही होत असेल तर फुकटचं गूगल शीट पुरतं, होत नसेल तर वर्षाला लाखभर भरून घेतलेलं अ‍ॅपही तीन महिन्यांत रिकामं पडतं.

पायरी १ : आधी मालाची यादी आणि युनिट पक्कं करा

हे काम कंटाळवाणं आहे पण अर्धा गोंधळ इथेच मिटतो. एकच वस्तू पाच जण पाच नावांनी लिहितात, कोणी क्रश सँड लिहितो, कोणी वॉश सँड, कोणी एम सँड, कोणी नुसतं वाळू, मग शेवटी बेरीज लागत नाही. म्हणून एका शीटवर मास्टर यादी करा, प्रत्येक मालाला एकच नाव आणि एकच युनिट. सिमेंट गोणीत (एक गोणी ५० किलो), स्टील किलोत आणि व्यासानुसार वेगळं, वाळू-खडी ब्रासमध्ये (एक ब्रास १०० घनफूट), आरएमसी (प्लांटवरून तयार येणारं काँक्रीट) घनमीटरमध्ये, ब्लॉक नगात, टाइल्स बॉक्समध्ये न लिहिता चौरस मीटरमध्ये (कारण बॉक्समधले नग साइजप्रमाणे बदलतात). ओपीसी आणि पीपीसी हे सिमेंटचे प्रकार वेगळे, प्लास्टरची वाळू आणि काँक्रीटची वाळू वेगळी. ही यादी ऑफिसनेच बदलायची, साइटवरून कोणी नवीन नाव टाकू शकणार नाही असं लॉक करा, शीटमध्ये ‘प्रोटेक्ट रेंज’ म्हणून सोय आहे ती वापरा.

पायरी २ : एक शीट, चार पानं

पहिलं पान मास्टर यादी, दुसरं आवक, तिसरं जावक, चौथं शिल्लक. शिल्लकच्या पानावर हाताने काही लिहायचं नाही, तिथे ‘समइफ्स’ फॉर्म्युला लावायचा म्हणजे त्या मालाची सगळी आवक वजा सगळी जावक आपोआप दिसते. साइट दोन असतील तर दोन वेगळ्या फाइल्स न करता ‘साइट’ नावाचा एक कॉलम वाढवा, नाहीतर एका साइटवरून दुसरीकडे गेलेल्या ४० गोण्यांचा पत्ता कुठेच लागत नाही. अशी ट्रान्सफर झाली की एकीकडे जावक आणि दुसरीकडे आवक अशा दोन एंट्र्या झाल्याच पाहिजेत. ऑफिसात टॅली असेल तर तिथेही प्रत्येक साइट एक गोडाऊन म्हणून उघडा आणि मालाची नावं मास्टर यादीतलीच ठेवा, मग महिन्याला जुळवताना डोकेफोड होत नाही.

पायरी ३ : गेटवरचा फॉर्म

साइटवरच्या माणसाला शीट उघडून द्यायची नाही. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर चुकीच्या रकान्यात बोट पडतं आणि फॉर्म्युला उडतो. त्याला गूगल फॉर्म द्या, मराठीत बनवा, आणि लिंकचा क्यूआर कोड प्रिंट करून लॅमिनेट करून गेटच्या केबिनमध्ये चिकटवा. फॉर्ममध्ये एवढंच ठेवा:

- गाडी नंबर
- सप्लायर (यादीतून निवडायचा)
- माल (यादीतून निवडायचा)
- चलनावर (गाडीबरोबर येणाऱ्या मालाच्या पावतीवर) लिहिलेलं प्रमाण
- साइटवर मोजलेलं प्रमाण
- चलनाचा फोटो, गाडीतल्या मालाचा फोटो
- उतरवून घेणाऱ्याचं नाव

तारीख-वेळ फॉर्म स्वतः टाकतो. यातले मधले दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. बहुतेक ठिकाणी चलनावरचा आकडाच आवक म्हणून धरला जातो आणि सप्लायरला त्यावरच पैसे जातात. चलनाचा आकडा वेगळा आणि मोजलेला वेगळा लिहायची सवय लागली की सप्लायरलाही कळतं की इथे मोजून घेतात, आणि पुढच्या गाड्या आपोआप सरळ यायला लागतात. शिल्लक नेहमी मोजलेल्या आकड्यावर धरायची.

फॉर्ममध्ये फोटो अपलोड करायचा असेल तर भरणाऱ्याला गूगल अकाउंटने लॉगिन करावं लागतं. म्हणून साइटसाठी एक साधा स्मार्टफोन आणि कंपनीच्या नावाचं एक जीमेल ठेवा, वॉचमनच्या पर्सनल फोनवर हे लादू नका. फुकटच्या अकाउंटला १५ जीबी जागा मिळते, त्यामुळे कॅमेऱ्याचं रिझोल्युशन कमी करून ठेवा, चलन वाचता आलं की पुरे. टाईप करायला अडत असेल तर कीबोर्डवरचं मराठी व्हॉइस टायपिंग चालू करून द्या, ते आता चांगलं चालतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करायची गरज नाही, गाडी निघाली, गाडी आली असे मेसेज तिथे ठीक आहेत, पण तो रेकॉर्ड नव्हे. सहा महिन्यांनी सप्लायरने जुनं चलन काढलं की ग्रुपमध्ये वर वर सरकवत बसावं लागतं आणि तोवर फोन बदललेला असतो.

पायरी ४ : गेटवर मोजायचं कसं

इथे घाई करू नका, कारण फॉर्म कितीही चांगला असला तरी ‘मोजलेलं’ या रकान्यात चलनाचाच आकडा कॉपी झाला तर सगळी मेहनत फुकट.

स्टील. गाडी भरलेली असताना आणि खाली झाल्यावर अशी दोन वजनं एकाच वजनकाट्यावर घ्यायची, आणि काटा आपण निवडलेला. पावतीवर रिकाम्या गाडीचं जुनं वजन छापून आलेलं असेल तर ते मान्य करायचं नाही, परत काट्यावर न्यायचं. त्यानंतर दुसरी तपासणी, प्रत्येक व्यासाच्या सळीचा एक मीटरचा तुकडा कापून छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. एक मीटरचं वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ८ मिमीला ३९५ ग्रॅम, १० ला ६१७, १२ ला ८८८, १६ ला १.५८ किलो, २० ला २.४७ किलो. आयएस १७८६ (सळ्यांचं भारतीय मानक) मध्ये यात फरक चालतो, १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्याच्यावर १६ मिमीपर्यंत ५ टक्के आणि १६ च्या वर ३ टक्के कमीजास्त. म्हणजे १२ ची सळी ८४४ ते ९३२ ग्रॅममध्ये बसली पाहिजे. हा आकडा नुसता पास-नापास करायला नाही, तो शीटमध्ये त्या लॉटसमोर लिहून ठेवा कारण पुढे ताळा बसवताना लागतो. सळी ४ टक्के जड असेल तर तेवढ्याच टनात तुम्हाला ४ टक्के कमी लांबी मिळालेली असते आणि बीबीएस (ड्रॉइंगवरून काढलेली सळ्यांच्या कापणी-वाकणीची यादी) तर लांबीवर चालतो, मग स्टील कुठे गेलं म्हणून सळ्या बांधणाऱ्या फिटरवर विनाकारण संशय घेतला जातो.

वाळू आणि खडी. ब्रास म्हणजे १०० घनफूट. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची सरासरी उंची फुटात घ्या, गुणाकार करून १०० ने भागा. १४ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि ४ फूट उंच भरलेली गाडी म्हणजे ४.२ ब्रास. वर ढीग दिसतो पण कडेला खाली असतो, म्हणून लोखंडी सळी पाच-सहा ठिकाणी तळापर्यंत खुपसून उंची घ्या आणि सरासरी काढा. एका सप्लायरची तीच गाडी परत परत येते, तेव्हा गाडी नंबरनुसार लांबी-रुंदी एकदाच शीटमध्ये ठेवा, फॉर्ममध्ये फक्त उंची भरायची आणि ब्रास शीटने काढायचे.

वाळूत ओल असेल तर ती फुगते, बारीक वाळू तर २५-३० टक्क्यांपर्यंतही फुगू शकते. हे बघायला लॅब लागत नाही, एका सरळ काचेच्या बरणीत ओली वाळू २०० मिमीपर्यंत भरा, मग पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. वाळू खाली १६० वर बसली तर ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के फुगवटा. पावसाळ्यात हे रोजच्या गाडीला करावं असं माझं ठाम मत आहे, कारण त्या चार महिन्यांत आपण वाळूच्या नावाखाली बरीच हवा विकत घेत असतो.

आरएमसी. एका घनमीटरचं वजन साधारण २४०० किलो धरा, म्हणजे ६ घनमीटरच्या गाडीत १४.४ टनांच्या आसपास माल पाहिजे. प्रत्येक गाडी काट्यावर नेणं जमत नाही, स्लॅब चालू असताना काँक्रीट थांबवून चालणार नाही, पण मधूनच न सांगता एखादी गाडी काट्यावर घ्या. प्लांटची बॅच स्लिप प्रत्येक गाडीबरोबर मागा आणि फोटो काढा, त्यावर सिमेंट, पाणी, खडी याचं प्रत्यक्ष वजन आणि बॅचिंगची वेळ असते.

सिमेंट. गोण्या मोजणं सोपं आहे, त्याबरोबर गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष फॉर्ममध्ये घ्या. गाडीतल्या दहा-बारा गोण्या तोलून बघा. ब्लॉक आणि विटांमध्ये फुटकी संख्या वेगळी लिहा आणि ड्रायव्हरची सही चलनावर तिथेच घ्या, गाडी गेल्यावर फुटीबद्दल सप्लायरशी बोलण्यात अर्थ नसतो.

पायरी ५ : जावक

आवक लोक करतात, जावकीला कंटाळा करतात. दर घमेल्याची नोंद करायला सांगितलं तर कोणी करणार नाही, आणि करूही नये. दिवसातून दोनदा पुरे, सकाळी काम सुरू होताना काढलेला माल आणि संध्याकाळी परत आलेला. फॉर्ममध्ये कोणाला दिला आणि कुठल्या कामाला दिला हे दोन रकाने हवेतच: ‘तिसरा मजला, गिलावा, अमुक मुकादम’. कामाची नावंही ड्रॉपडाऊनमधून निवडायची. लेबर रेटने काम करणाऱ्या गवंड्याला माल वाया गेल्याची झळ बसत नाही, ती आपल्याला बसते, म्हणून मुकादमानुसार वापर दिसणं गरजेचं आहे. दोन मुकादम एकसारख्या फ्लॅटमध्ये गिलावा करतायत आणि एकाला १०० चौरस मीटरला ११ गोण्या लागतायत, दुसऱ्याला १५, तर जाऊन भिंत बघा, बहुतेक वेळा ब्लॉकवर्क ओळंब्यात नसतं आणि गिलाव्याची जाडी वाढलेली असते. चोरीच असेल असं धरून चालू नका.

सेंटरिंगच्या प्लेटा, प्रॉप, स्पॅन (स्लॅबच्या साच्याचं आणि टेक्यांचं सामान) हा वेगळा विषय, तो माल संपत नाही, परत येतो. त्याला वेगळं पान करा आणि भाड्याचा असेल तर भाडं कुठल्या तारखेपासून सुरू हे लिहा.

पायरी ६ : ठेवणं आणि पहिला आलेला पहिला वापरणं

सिमेंटची थप्पी १० गोण्यांपेक्षा उंच नको, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून दोन फूट जागा सोडून. प्रत्येक थप्पीला एक नंबर द्या आणि त्या नंबरचं कार्ड लावा, कार्डावर आल्याची तारीख जाड मार्करने. क्यूआर वगैरे इथे नसला तरी चालतो, माणसाला लांबून तारीख दिसली पाहिजे. शीटमध्ये तारखेवर ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ लावलं की ६० दिवसांपेक्षा जुनी थप्पी लाल दिसते. तीन महिने झालेलं सिमेंट टेस्ट केल्याशिवाय आरसीसीला घालायचं नाही.

पायरी ७ : स्लॅबनंतरचा ताळा

सगळ्या नोंदी याच्यासाठी. एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. स्लॅबच्या आधी स्टील २,४०० किलो शिल्लक, नंतर ९,००० किलो आलं, स्लॅब झाल्यावर साइटवर प्रत्यक्ष मोजलं तर ३,१०० किलो. म्हणजे ८,३०० किलो गेलं. बीबीएसप्रमाणे लागायला हवं होतं ७,८५०. फरक ४५० किलो. आता कट पीस सगळे गोळा करून काट्यावर टाका, समजा १९० किलो भरले. राहिले २६० किलो, म्हणजे बीबीएसच्या ३.३ टक्के.

इथे आरडाओरडा करण्याआधी बीबीएस उघडा. खुर्च्या (वरची सळी उचलून धरणारे तुकडे), स्पेसर बार (सळ्यांमध्ये अंतर राखणारे तुकडे), लॅप (दोन सळ्या एकमेकींवर चढवून केलेला जोड), पुढच्या मजल्यासाठी वर काढून ठेवलेले कॉलमचे डोवेल यातलं काहीतरी त्यात धरलेलं नसतं, आणि १२ मीटरच्या सळीपेक्षा स्लॅब लांब असेल तर लॅप येणारच. मग लॉटचं प्रतिमीटर वजन बघा, पायरी ४ मध्ये लिहून ठेवलेलं. हे दोन्ही लावल्यावरही १०० किलोच्या वर काही उरलं तर मग गेट पास, भंगारवाल्याच्या फेऱ्या, रात्रीचा पहारा इकडे वळा. भंगाराची प्रत्येक गाडी वजन करून, फोटो काढून, फॉर्ममधून जावक म्हणूनच बाहेर गेली पाहिजे, कारण चांगल्या सळ्या बाहेर जायचा सगळ्यात सोपा रस्ता भंगाराच्या ढिगाखालून आहे.

आरएमसीचा ताळा सोपा, ड्रॉइंगवरून स्लॅब आणि बीमचं घनमीटर काढा आणि आलेल्या गाड्यांची बेरीज बघा. १२० चौरस मीटरचा १२५ मिमी स्लॅब म्हणजे १५ घनमीटर, अधिक बीम. जास्त गेलं तर आधी स्लॅबची जाडी दोन-चार ठिकाणी तपासा, शटरिंग खाली बसलं असेल तर काँक्रीट तिथे गेलेलं असतं आणि तो फक्त मटेरियलचा प्रश्न राहत नाही, इंजिनियरला दाखवायलाच पाहिजे. साइटवर मिक्सरने एम २० नॉमिनल (ठरलेल्या प्रमाणातलं काँक्रीट) करत असाल तर घनमीटरला साधारण ८ गोण्या हा आकडा ताळ्याला धरा. कमी लागल्या तर खूश होऊ नका, कमी सिमेंटचा ताळा मला जास्तीच्या ताळ्यापेक्षा जास्त घाबरवतो.

हा ताळा सुपरवायझर, फिटर आणि मुकादम यांच्यासमोर बसून करा, स्क्रीनवर आकडे दाखवून. त्यांना फरकाची कारणं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात आणि विचारलं तर सांगतात.

पायरी ८ : ऑर्डर कधी द्यायची

शिल्लकच्या पानावर एक कॉलम ‘किमान साठा’ ठेवा. रोजचा सरासरी वापर गुणिले माल यायला लागणारे दिवस, वर थोडी जास्तीची सोय. रोज ३० गोण्या लागतात आणि सप्लायर ३ दिवस घेतो तर १२० ला खाली आलं की ऑर्डर. पावसाळ्यात वाळू-खडीला हे दिवस वाढवून धरा, सिमेंटला उलट साठा कमी ठेवा.

पायरी ९ : कागदपत्रं

ड्राइव्हवर महिन्यानुसार फोल्डर, आत चलन, बिल, वजनकाटा पावती, टेस्ट सर्टिफिकेट. फाइलचं नाव एका पद्धतीने, तारीख-सप्लायर-चलन नंबर. स्टीलच्या प्रत्येक लॉटबरोबर मिल टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या आणि त्यावरचा हीट नंबर (कारखान्यातल्या त्या घाण्याचा नंबर) बंडलच्या टॅगशी जुळतो का ते माल उतरवतानाच बघा. वाळू-खडीच्या गाडीबरोबरच्या महाखनिजच्या (राज्य सरकारच्या खनिज वाहतुकीच्या ऑनलाइन प्रणालीच्या) वाहतूक पासाचा फोटो ठेवा, गाडी नंबर आणि वेळ जुळते का बघून. सरकारी कामात रॉयल्टीचे कागद नसले तर रक्कम बिलातून कापली जाते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना) लागतं, त्याचा नंबर आवकच्या पानावर घ्या.

बिल्डर असाल आणि फ्लॅटवर १ किंवा ५ टक्के जीएसटी भरत असाल तर आवकच्या पानावर सप्लायर नोंदणीकृत आहे की नाही हा कॉलम आजच वाढवा. प्रत्येक प्रोजेक्टला आर्थिक वर्षात ८० टक्के खरेदी नोंदणीकृत सप्लायरकडून असावी लागते, कमी पडली तर फरकावर १८ टक्के रिव्हर्स चार्ज (सप्लायरऐवजी घेणाऱ्याने भरायचा जीएसटी) आपल्याला भरावा लागतो, आणि अनोंदणीकृत माणसाकडून सिमेंट घेतलं तर त्यावर तसाही लागतो. हे मार्चअखेरीला सीएने सांगण्यापेक्षा दर महिन्याला शीटवर दिसलेलं बरं. सिमेंटचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, जुन्या दराने केलेली कोटेशनं आणि मास्टर दर तपासून घ्या.

क्यूब टेस्टसाठी (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद बघायची चाचणी) गूगल कॅलेंडर वापरा. स्लॅबच्या दिवशीच ७ आणि २८ दिवसांचे रिमाइंडर टाकायचे. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे ५ घनमीटरपर्यंत एक सॅम्पल, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन, ५० पर्यंत चार, आणि एका सॅम्पलला तीन क्यूब. रिझल्ट आला की त्या दिवशीच्या बॅच स्लिपांच्या फोल्डरमध्येच ठेवा, दोन्ही एकत्र असले तरच उपयोग.

पायरी १० : माणसं

बेसमेंटमध्ये, गावाबाहेरच्या साइटवर नेट नसतं आणि गूगल फॉर्म ऑफलाइन चालत नाही. तिथे छापील कार्बन बुक ठेवा, रकाने फॉर्मसारखेच, रेंजमध्ये आल्यावर भरायचं आणि पानावर टिक करायची. वही ठेवली म्हणजे पद्धत फसली असं समजू नका.

ऑर्डर देणारा, माल घेणारा आणि पैसे देणारा ही तीन वेगळी माणसं असू द्या. छोट्या ऑफिसात तीन नसतील तर निदान माल घेणारा आणि बिल पास करणारा वेगळा. सुपरवायझरला पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा की हे त्याच्यावर नजर ठेवायला नाही, उद्या कोणी माल कमी पडला म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं तर ही नोंदच त्याच्या बाजूने उभी राहील. सुरुवातीला फक्त सिमेंट आणि स्टील एवढंच घ्या, महिनाभर ते नीट झालं की वाळू-खडी, मग ब्लॉक, प्लंबिंग-इलेक्ट्रिकल सगळ्यात शेवटी. दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्यक्ष मोजणी, ऑफिसातल्या माणसाने स्वतः साइटवर जाऊन.

साइट तीनच्या वर गेल्या किंवा एकाच दिवशी पन्नासेक एंट्र्या व्हायला लागल्या की शीट जड वाटायला लागते, तेव्हा गूगलच्या अ‍ॅपशीटवर याच शीटवरून स्वतःचं अ‍ॅप बनवता येतं, ते ऑफलाइनही चालतं, किंवा पॉवरप्ले, ऑनसाइट अशी बांधकामासाठीची तयार अ‍ॅप्स बघा. घेताना तीन गोष्टी विचारा: मराठीत चालतं का, नेट नसताना एंट्री होते का, आणि सोडून जायचं ठरवलं तर सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून मिळतो का. तिसऱ्याचं उत्तर गोलगोल आलं तर घेऊ नका.

आणि हे सगळं फोल्डर, शीट, फॉर्म कंपनीच्या जीमेलवरच असू द्या, सुपरवायझरच्या पर्सनल अकाउंटवर नको. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षं स्ट्रक्चरल दोषाची जबाबदारी आपली असते, तेवढी वर्षं स्टीलची सर्टिफिकेटं, बॅच स्लिपा आणि क्यूब रिपोर्ट मजल्यानुसार सापडले पाहिजेत, त्यामुळे ताबा देताना पूर्ण फोल्डरची एक कॉपी हार्ड डिस्कवर काढून सोसायटीच्या फाइलबरोबर ऑफिसात ठेवून द्या.